चित्रकलेची धुळाक्षरे



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी मला विषय विचारला, तेव्हा मी म्हणालो, "रेघा कशा ओढाव्या याविषयी बोलेन." त्यांना क्षणभर वाटले की मी थट्टा करतो आहे. त्यांचे वाटणे अगदीच चूक नव्हते. या व्यासपीठावर राजकारण, अर्थशास्त्र, संतवाङ्मय असे भारदस्त विषय होतात. तेथे शाळेतल्या एका चित्रकलेच्या मास्तराने उभे राहून रेघ, पेला आणि काडेपेटी यांविषयी तासभर बोलावे, हे थोडे चमत्कारिकच. परंतु 31 वर्षे मी हेच शिकवले आणि मला दुसरे काही येत नाही. तेव्हा आपण ते गोड मानून घ्यावे.

आरंभी एक छोटीशी शिरगणती करू. ज्यांना चित्र काढता येत नाही, त्यांनी कृपा करून हात वर करावा. छान! मागच्या रांगेपर्यंत हातच हात दिसताहेत. आता हात खाली घ्या. ज्यांना अक्षर काढता येत नाही, त्यांनी हात वर करावा. एकही नाही.

आता या फळ्याकडे पाहा. मी 'अ' काढतो. डाव्या बाजूला एकाखाली एक अशी दोन अर्धवर्तुळे, मधून निघालेली एक आडवी रेघ, एक उभी रेघ आणि डोक्यावर शिरोरेषा. हे चित्र नाही तर काय आहे? सरळ रेघ आणि वळणदार रेघ यांखेरीज चित्राच्या मुळाशीही दुसरे काही नसते. म्हणजे ज्यांनी आत्ता हात वर केले, ते सर्व जण रोज सकाळी दुधाचा हिशेब लिहिताना चित्रच काढत असतात. त्यांना ते ठाऊक नाही, एवढेच.

पाच वर्षांच्या मुलाचा पहिला 'अ' कसा असतो ते आपण सर्वांनी पाहिले आहे. पोट एकीकडे, पाठ दुसरीकडे. तो 'अ' पाहून, "या पोराला अक्षराचा हात नाही, याला लिहायला शिकवू नका," असे कुठल्या बापाने म्हटल्याचे मी ऐकलेले नाही. आपण त्याला गिरवायला लावतो. पूर्वी धूळपाटीवर बोटाने गिरवीत, पुढे दगडी पाटी आली, मग वही आली. पण गिरवणे सुटले नाही. गवयाचा मुलगा पहाटे उठून षड्ज लावतो, तालमीतला पोरगा जोर-बैठका काढतो. त्यांना पहिल्या दिवशी मैफल गाजव किंवा कुस्ती मार असे कोणी सांगत नाही. चित्रकलेच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच तासाला "काढ मोर!" म्हणतो. मोर बिघडला की "याला हात नाही" असा निकाल देऊन मोकळे होतो. तो निकाल पुढे जन्मभर पुरतो.

असा एक निकाल मी स्वतः दिलेला आहे. आजच्या व्याख्यानाचे खरे कारण तेच आहे, म्हणून ते आधी सांगतो. माझी नोकरी नवी होती. वर्गात घागरीचे वस्तुचित्र चालले होते. तांबट आळीतून येणाऱ्या एका मुलाने घागरीचे तोंड असे वाकडे काढले, की ती चेपलेली वाटावी. मी त्याची वही उचलून सर्व वर्गाला दाखवली आणि लाल पेन्सिलीने तीवर लिहिले, "हात नाही." वर्ग हसला, मीही हसलो. मुलाने वही मिटली आणि पुढे माझ्या तासाला तो नुसता बसून राहू लागला. त्या मुलाकडे मी शेवटी परत येणार आहे. तोपर्यंत त्याला मनात ठेवा.

आता धुळाक्षरांकडे वळू. ती तीन आहेत: रेघ, लंबवर्तुळ आणि पेटी.

पहिली रेघ. ग्रीस देशात अपेलीस नावाचा चित्रकार होऊन गेला. तो शिकंदराच्या काळचा. रोमन ग्रंथकार प्लिनी याने त्याच्याविषयी लिहून ठेवले आहे, की कितीही कामात असला तरी रेघ ओढण्याचा सराव केल्यावाचून तो दिवस जाऊ देत नसे. एकदा तो ऱ्होड्स बेटावर प्रोटोजेनीस या चित्रकाराला भेटायला गेला. प्रोटोजेनीस घरी नव्हता. निरोप म्हणून अपेलीसने तेथल्या फळीवर कुंचल्याने एक बारीक रेघ ओढली आणि तो निघून गेला. घरधन्याने परतल्यावर ती रेघ पाहून पाहुणा ओळखला. त्याने तिच्यावरच दुसऱ्या रंगाने आणखी बारीक रेघ ओढली. अपेलीस पुन्हा आला आणि त्याने तिसऱ्या रंगाने त्या रेघाही दुभंगल्या. नाव, गाव, सही काही नाही. नुसत्या रेघेवरून माणूस ओळखला गेला. आपल्याकडेही विष्णुधर्मोत्तर पुराणातल्या चित्रसूत्राने जाणत्या आचार्यांच्या लेखी रेघेचा मान मोठा असल्याचे नोंदले आहे. अजिंठ्याची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना याचा पुरावा देण्याची गरज नाही. मुंबईच्या कलाशाळेचे ग्रिफिथ्स यांनी 1872 ते 1885 या काळात आपले विद्यार्थी नेऊन त्या चित्रांच्या नकला करवून घेतल्या. भिंतीवरचा रंग जागोजागी उडालेला असतानाही नक्कल होऊ शकली, याचे बरेचसे श्रेय त्या रेघेला आहे.

मग रेघेचा सराव कसा करावा? कागदावर वीतभर अंतराने दोन ठिपके द्या. पेन्सिल पहिल्या ठिपक्यावर ठेवा आणि डोळा दुसऱ्या ठिपक्यावर ठेवा. नवशिका पेन्सिलीच्या टोकाकडे पाहत राहतो, म्हणून त्याची रेघ वाट चुकते. सायकल शिकताना जो पुढच्या चाकाकडे पाहतो तो पडतो, तसेच हे आहे. कागदाला न टेकवता हात दोनदा त्या वाटेने हवेत फिरवून घ्या आणि मग एका दमात रेघ ओढा. हात मनगटातून फिरवू नका, कोपरातून आणि खांद्यातून फिरू द्या. मनगट लहान कमान काढते. लांब सरळ रेघ काढायला मोठा सांधा लागतो. रेघ ठिपक्याच्या पुढे गेली तर जाऊ द्या, बाजूला पडली तर पडू द्या. खोडरबर मात्र घरातल्या दुसऱ्या माणसाच्या हवाली करून ठेवा. मग त्याच रेघेवरून आणखी सात वेळा रेघ ओढा. सुरुवातीला त्या आठ रेघा एकत्र राहतात आणि शेवटाला केरसुणीसारख्या फाकतात. महिनाभराने ती केरसुणी हळूहळू मिटत येते. ही आपली प्रगती, आणि ती मास्तराला विचारावी लागत नाही.

बहुतेकांची रेघ केसाळ असते. लहान लहान तुकडे जोडत, चाचपत, भीतभीत ती पुढे सरकते. ती हाताची खोड नसून मनाची भीती असते. इथे बसलेल्या भगिनींना हे मी नव्याने सांगायला नको. ठिपक्यांची रांगोळी काढताना चिमूट एका ठिपक्यापासून दुसऱ्यापर्यंत न थांबता जाते, तेव्हा रेघ बारीक आणि एकसारखी पडते. मध्ये मन कचरले, हात थांबला, की तिथे पिठाचा ढीग पडतो. दारापुढे रोज रांगोळी काढणाऱ्या बाईने "मला चित्रकला येत नाही" म्हणावे, यासारखा विनोद नाही.

दुसरे अक्षर लंबवर्तुळ. घरी गेल्यावर एक पेला घ्या आणि एक डोळा मिटून तो दुसऱ्या डोळ्यासमोर बरोबर त्याच्या उंचीवर धरा. पेल्याचे तोंड तुम्हाला नुसती आडवी रेघ दिसेल. पेला हळूहळू खाली न्या. ती रेघ उघडत जाईल, आधी अरुंद, मग रुंद. शेवटी पेला जमिनीवर ठेवून त्याच्यावर वाकून सरळ खाली पाहिले, तर पूर्ण वर्तुळ दिसेल. पेला तोच आणि त्याचे तोंडही तेच. पण त्या दोन टोकांच्या मधल्या सर्व अवस्था लंबवर्तुळाच्या. आपल्या घरातली जवळजवळ सगळी भांडी आपण उभ्या जन्मात याच मधल्या अवस्थांत पाहतो.

आता मुलाला हाच पेला काढायला सांगा. दोन चुका हमखास होतील. पहिली, तोंडाच्या दोन्ही कडांना तो टोके काढील. ते होडीसारखे किंवा मिटू लागलेल्या डोळ्यासारखे दिसेल. लंबवर्तुळाला कुठेही टोक नसते. कितीही अरुंद असले तरी ते कडेला वळूनच जाते. दुसरी चूक अधिक मजेची. पेल्याचे बूड तो सपाट आडव्या रेघेने काढील. का बरे? कारण पेला टेबलावर सपाट बसतो हे त्याला ठाऊक आहे. डोळ्याला काय दिसते हे तो विचारतच नाही. ठाऊक असलेले तो कागदावर लिहून टाकतो. वास्तविक पेल्याचे बूड तोंडापेक्षा डोळ्याच्या खाली अधिक अंतरावर असते. म्हणून बुडाची कमान तोंडाच्या कमानीपेक्षा थोडी जास्तच गोल दिसली पाहिजे. ठाऊक असणे आणि दिसणे यांचे हे भांडण प्रत्येक माणसाच्या डोक्यात चालू असते. लंबवर्तुळाचा सराव म्हणजे त्या भांडणात डोळ्याला थोडी दाद मिळवून देणे.

सराव असा करावा. बोटभर अंतराने दोन समांतर रेघा ओढा आणि त्यांच्यामध्ये लंबवर्तुळे अशी भरा, की प्रत्येक वरच्या रेघेला, खालच्या रेघेला आणि शेजाऱ्याला नुसते टेकेल. जात्याचा खुंटा फिरतो तसा हात न थांबता दोनदा फिरवून मगच पेन्सिल उचला. पहिल्या फेरीतली चूक दुसरी फेरी सावरते. मग प्रत्येकाच्या मधून आडवा आणि उभा असे दोन अक्ष काढून पाहा. चारही भाग सारखे निघाले तर लंबवर्तुळ जमले. घागर आडवी पडली असेल, तर तिचा कणा जिकडे कलला असेल, त्याच्याशी काटकोन करून तोंडाचा लांब अक्ष येतो. एवढे एक सूत्र ध्यानात ठेवले की चाक, विहीर, डमरू, गाडगे, कशाचेही तोंड चुकत नाही.

तिसरे अक्षर पेटी. काडेपेटी म्हणा, आजोबांची लोखंडी ट्रंक म्हणा. तिला आठ कोपरे आणि बारा कडा. या कडा काढण्यासाठी माणसाला हजारो वर्षे विचार करावा लागला. इटलीतल्या फ्लॉरेन्स शहरात पंधराव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात ब्रुनेलेस्की या वास्तुशिल्पकाराने एक प्रयोग केला. तेथल्या बाप्तिस्मा-मंदिराचे चित्र त्याने फळीवर काढले आणि फळीला मधोमध भोक पाडले. पाहणाऱ्याने फळीच्या मागे उभे राहून भोकाला डोळा लावायचा आणि समोर धरलेल्या आरशात ते चित्र पाहायचे. आरसा बाजूला केला की खरे मंदिर दिसे, आणि दोन्ही जुळत. अल्बेर्टी या पंडिताने 1435 साली या विद्येचे नियम ग्रंथात घातले. पुढे 1525 साली ड्यूरर या जर्मन चित्रकाराने चौकट आणि ताणलेली दोरी यांच्या साहाय्याने ते कसे साधावे, हे चित्रे काढून दाखवले.

या यथार्थदर्शनाचा मुख्य नियम आपण सर्वांनी रेल्वेच्या फलाटावर पाहिलेला आहे. रूळ एकमेकांपासून नेहमी सारख्याच अंतरावर असतात, पण दूर जाता जाता ते एका बिंदूत मिळालेले दिसतात. पेटीच्या ज्या कडा एकमेकींना समांतर असून आपल्यापासून दूर जातात, त्याही अशाच एका बिंदूकडे निघालेल्या असतात. जमिनीशी समतल असलेल्या कडांचा हा बिंदू क्षितिजरेषेवर असतो. आणि क्षितिजरेषा कुठे असते? पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर. तुम्ही खाली बसलात की क्षितिज तुमच्याबरोबर खाली बसते. माडीवर चढलात की तेही चढते. म्हणून पेटीचे चित्र नुसत्या पेटीविषयी बोलत नाही. काढणारा कुठे उभा होता, बसला होता की उभा, जवळ होता की लांब, हे सर्व ते सांगून टाकते.

नवशिक्याची पेटी बहुधा मागच्या बाजूला रुंद होत जाते. म्हणून हा सराव दोन दिवसांत करावा. आज मन लावून पाच पेट्या काढाव्या, निरनिराळ्या कोनांतून, पट्टी न घेता. उद्या लाल पेन्सिल आणि पट्टी घेऊन त्यांच्या दूर जाणाऱ्या कडा मागे वाढवून पाहाव्या. एका गटाच्या चार कडा एकमेकींच्या जवळ येत चालल्या असतील, तर ठीक. एखादी पळून गेली असेल, तर ती कोणती आणि कुठे, ते नुसते पाहावे. पेटी दुरुस्त करीत बसू नये. पुढची पेटी काढावी. लाल पेन्सिलीचा खरा उपयोग हा आहे, हे मला फार उशिरा कळले.

पेटी आली की तिला पाय लावून मेज होते, दार लावून कपाट होते, चाके लावून एस. टी. होते. पेटीच्या बाजूवर लंबवर्तुळ बसवता आले की ही चाके जमिनीवर नीट उभी राहतात. इथे तिन्ही अक्षरे जुळून शब्द तयार होतो.

मात्र एक खुलासा केला पाहिजे. यथार्थदर्शन म्हणजेच चित्रकला, असे मी म्हणत नाही. आपल्या लघुचित्रांत महालाची गच्ची वरून दिसते, दिवाणखाना समोरून दिसतो आणि बाग पुन्हा वरून दिसते. त्या चित्रकारांना एका जागी खिळून उभे राहायचे नव्हते. त्यांना महालभर फिरायचे होते आणि आपल्यालाही फिरवून आणायचे होते. ती त्यांची निवड होती. पण निवड करायला दोन वाटा ठाऊक असाव्या लागतात. पेटी न आल्यामुळे वाकडी काढणे आणि हवी म्हणून वाकडी काढणे, यांत फार अंतर आहे.

आपल्यापैकी कोणी म्हणेल, "मास्तर, आम्हाला चित्रकार व्हायचे नाही. आज खिशात कॅमेरा घेऊन आम्ही हिंडतो. मग हा खटाटोप कशाला?" त्यांना मी 1609 सालची एक गोष्ट सांगतो. त्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट या विद्वानाने दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि त्याचे चित्र काढले. चित्रात उजेड आणि काळोख यांच्या सीमेवर एक खडबडीत रेघ आहे, पलीकडे काही डाग आहेत, बाकी काही नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस इटलीत गॅलिलिओने चंद्र पाहिला. त्याची दुर्बीण अधिक चांगली होती हे खरे. पण त्याचा हात आणि डोळा चित्रकलेत तयार झालेला होता, उजेड पडला की सावली कशी पडते हे त्याला कागदावर काढून ठाऊक होते. हॅरियटने जिथे डाग पाहिले, तिथे गॅलिलिओला डोंगर आणि दऱ्या दिसल्या. 1610 सालच्या मार्चमध्ये त्याने ते जगाला छापून दाखवले. त्यानंतर हॅरियटने पुन्हा चंद्र काढला, तेव्हा त्याच्याही चित्रात खळगे आले. कॅमेरा समोरचे सर्व टिपून ठेवतो. पण त्यातले काय पाहायचे, हे डोळ्यालाच शिकावे लागते, आणि डोळ्याची ती शाळा हातातून जाते.

घरी काय करावे, ते थोडक्यात सांगतो. महाग कागद आणू नका. चांगल्या कागदाची भीती वाटते. घरात पाठकोरे कागद पुष्कळ असतात, लग्नपत्रिका असतात, मुलांच्या जुन्या वह्या असतात. रोज अर्धा तास काढा. एक पान रेघांचे, एक पान लंबवर्तुळांचे, एक पान पेट्यांचे. प्रत्येक पानावर तारीख घाला आणि ते जपून ठेवा. आणि उरलेल्या वेळात मनाला येईल ते काढा, मोर काढा, नातवाचा चेहरा काढा, कोणालाही न दाखवता. नुसते गिरवीत राहिलेल्या मुलाला गिरवण्याचा कंटाळा येतो. त्याला मधून मधून पत्र लिहू द्यावे लागते.

आता त्या तांबट आळीतल्या मुलाकडे. पुष्कळ वर्षांनी घरचा जुना बंब दुरुस्तीला घेऊन मी त्या आळीत गेलो. दुकानात बसलेल्या माणसाने मला ओळखले. मी ओळखायला थोडा वेळ घेतला. तो एका पातेल्यावर मठारकाम करीत होता. लोखंडी आधारावर पातेले फिरवीत एकेक ठोका घालत होता. ठोक्यांच्या ओळी पातेल्याभोवती गोल गोल वर चढत होत्या, एकीपासून दुसरी नेमक्या अंतरावर. खूण नाही, आखणी नाही, परकार नाही. मी 31 वर्षांत फळ्यावर अशी एक ओळ काढली नसेल.

शेजारी नऊ-दहा वर्षांची मुलगी खडूने फरशीवर काहीतरी काढत होती. मी कौतुकाने वाकून पाहिले. तेव्हा तो हसून म्हणाला, "राहू द्या सर. नुसता खडू संपवते. आमच्या घरात चित्राचा हात नाही. तुम्हीच सांगितले होते ना?"

त्याच्या बोलण्यात राग नव्हता. मास्तरांनी सांगितलेले खरेच असते, असे त्याने धरले होते. मी वहीवर लिहिलेले ते दोन शब्द त्याने सांभाळून ठेवले होते आणि आता ते तो मुलीच्या हवाली करीत होता. आणि हे सर्व तो ज्या हाताने करीत होता, त्या हाताकडे पाहून मला तोंड वर करवेना.

मी त्याला म्हणालो, "बाबा रे, माझे चुकले. हात होता. मला शिकवता आले नाही." तो ऐकून संकोचला. पण दुसऱ्या आठवड्यापासून मुलगी माझ्याकडे येऊ लागली. ती कोणी असामान्य निघाली, असे सांगून मी आपल्या टाळ्या घेणार नाही. तिची पहिली दहा पाने तिच्या बापाच्या घागरीसारखीच वाकडी होती. तिच्या केरसुण्या मिटायला वर्ष लागले. पुढे हायस्कुलात ती शासनाच्या एलिमेंटरी परीक्षेला बसली आणि 'क' श्रेणीत पास झाली. निकाल घेऊन ती आली, तेव्हा तिच्याबरोबर तिचे वडीलही आले होते. त्यांनी एक पाठकोरा कागद घडी करून आणला होता. त्यावर पेन्सिलीने एक घागर काढलेली होती. तोंड अजून थोडे उजवीकडे कललेले होते. मी ते पाहिले आणि लाल पेन्सिल खिशातच राहू दिली.

आपल्या घरीही अशी एखादी मिटलेली वही असेल. मुलाची असेल, बहिणीची असेल, कदाचित स्वतःची असेल. आज रात्री ती शोधावी, तिच्यातल्या कोऱ्या पानावर वीतभर अंतराने दोन ठिपके द्यावे आणि एक रेघ ओढावी. ती वाकडी येईल. उद्या दुसरी ओढावी. एवढेच सांगण्यासाठी मी आपला इतका वेळ घेतला.